टेक्सासात पिस्तुलाचा परवाना आता लागत नाही, तरीही काढा

बायूकाठचा | शनिवार, सकाळी ७:५०

मागच्या महिन्यात एका मित्राकडे सत्यनारायण होता. ह्यूस्टनच्या पश्चिमेला घर, पन्नासेक माणसं. प्रसाद झाला, जेवणं झाली, आणि आम्ही चारपाच जण वरच्या खोलीत मॅच बघायला गेलो. तिथे मित्राने कपाटाच्या वरच्या फळीवर, स्वेटरांच्या मागे हात घालून एक काळी डबी काढली. आत नऊ एमएमचं पिस्तूल. "बघ, किती हलकं आहे," म्हणत त्याने ते माझ्याकडे सरकवलं. तेवढ्यात नळी आधी माझ्या पोटाकडे, मग टीव्हीकडे, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या त्याच्याच मुलीकडे फिरली. बोट चापावर.

मी ते हातात घेतलं, मॅगझिन (गोळ्यांचा खण) काढलं, स्लाइड मागे ओढली. चेंबरमधली, म्हणजे नळीच्या तोंडाशी आधीच चढलेली, जिवंत गोळी गालिच्यावर पडली. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं होतं, अशी त्याची समजूत होती.

पिस्तूल घेतलं २०२० मध्ये, करोनात. आजवर एकदाही चालवलेलं नाही. परवान्याचं विचारलं तर म्हणाला, "अरे, आता लागत नाही ना!"

बरोबर आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात २१ वर्षांवरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या कुणालाही परवान्याशिवाय पिस्तूल अंगावर बाळगता येतं. आणि हा धागा नेमका त्यासाठीच काढतो आहे. बंदूक घ्यावी की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण आपल्या लोकांनी करोनाच्या वर्षी गुपचूप भरपूर पिस्तुलं घेतली आहेत, हे मला नेमबाजीच्या रेंजवर नाही, तर असं स्वेटरांच्या मागे कळतं. ज्यांनी घेतलं आहे त्यांनी परवाना काढा. परवान्याच्या निमित्ताने वर्ग करा, आणि वर्गाच्या निमित्ताने सराव.

थोडा इतिहास. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीन गावातल्या लूबीज कॅफेटेरियात एका माणसाने ट्रक थेट काचेतून आत घातला आणि २३ जणांना मारलं. सुझाना हप नावाची बाई तिथे आईवडिलांबरोबर जेवत होती. तिचं रिव्हॉल्वर बाहेर गाडीत होतं, कारण तेव्हा ते अंगावर बाळगणं गुन्हा होता आणि आपला कायरोप्रॅक्टरचा परवाना जाईल अशी तिला भीती होती. आई आणि वडील दोघेही त्यात गेले. पुढे तिने जागोजागी जाऊन साक्ष दिली आणि १९९६ मध्ये ती स्वतःच टेक्सासच्या विधानसभेवर निवडून आली. १९९३ मध्ये गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स यांनी या विषयावरचं विधेयक नाकारलं, १९९४ मध्ये त्या जॉर्ज बुशकडून हरल्या, आणि १९९५ मध्ये बुशनी छुप्या पिस्तुलाच्या परवान्याच्या कायद्यावर सही केली. पहिले परवाने १९९६ चे. तेव्हा वर्ग १० ते १५ तासांचा होता. २०१३ मध्ये तो ४ ते ६ तासांवर आला. २०१६ पासून होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या खोळीत) उघड्यावर बाळगायलाही परवानगी मिळाली आणि नाव बदलून 'लायसन्स टु कॅरी' झालं. फी १४० डॉलरची २०१७ मध्ये ४० झाली. मी १४० भरलेल्यांतला. आणि २०२१ मध्ये सक्तीच गेली. म्हणजे दर काही वर्षांनी सरकार कमी कमी मागत आलं. शिकायचं तेवढंच राहिलं.

परीक्षा कशी असते? वर्गाचा भाग ऑनलाइन चालतो, गोळ्या मात्र शिक्षकासमोर रेंजवर झाडाव्या लागतात. एकूण ५० गोळ्या: ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २०, १५ यार्डांवरून १०. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. ३ यार्ड म्हणजे जेवायच्या टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाच्या खुर्चीमागच्या भिंतीपर्यंत. खरं सांगायचं तर परीक्षा सोपी आहे. ती पास झालो म्हणजे आपल्याला येतं, असं समजू नका. पण पिस्तूल उघडायचं कसं, रिकामं आहे हे बघायचं कसं, बोट कुठे ठेवायचं, एवढं तरी तिथे पोचलेल्या माणसाला येतंच. माझ्या मित्राला तेही येत नव्हतं.

सक्ती नसताना परवान्याचा फायदा काय, हे सगळेच विचारतात. मला सगळ्यात मोठा वाटतो तो शाळांचा. केंद्र सरकारच्या कायद्याने शाळेपासून १००० फुटांच्या आत बंदूक बाळगणं गुन्हा आहे; राज्याचा परवाना असलेल्याला सूट आहे. आपल्या प्रत्येक वसाहतीत एक प्राथमिक शाळा असतेच. परवान्याविना कमरेला पिस्तूल लावून दूध आणायला निघालात तर जाता-येता दोनदा केंद्राचा कायदा मोडलात. शिवाय बाहेरच्या तीसेक राज्यांत हा परवाना चालतो, दुकानात नवीन खरेदी करताना पार्श्वभूमी तपासणीसाठी थांबावं लागत नाही, आणि ज्या दुकानावर बंदुकीला मनाई करणारी फक्त कलम ३०.०५ ची पाटी आहे तिथे परवानेवाल्याला झाकून नेता येतं. (३०.०६ ची असेल तर नाही. पाट्या वाचायला शिकणं हा वर्गातला निम्मा अभ्यास.)

प्रश्न विचारा. वेळ मिळेल तसं उत्तर देतो.


कात्रजचा_बोका | शनिवार, सकाळी ८:१५

सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नाव बुडते, इथे यजमानच पाहुण्यांना बुडवायला निघालेत. चालू द्या. मी चहा घेऊन बसलोय.


एच१बी_आणि_मी | शनिवार, सकाळी ९:०२

डॅलसला आहे. ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज मंजूर, रांगेत उभा. मला परवाना मिळेल का? ऑफिसातले गोरे मित्र रेंजवर चल म्हणून मागे लागलेत.


बायूकाठचा | शनिवार, सकाळी ९:२०

@एच१बी: नाही. आणि हे अधोरेखित करून सांगतो, कारण यात आपली मुलं फसतात. एच१बी, एल१, एफ१ हे सगळे केंद्राच्या कायद्यात 'नॉन-इमिग्रंट व्हिसा'त येतात, आणि त्यांना बंदूकच काय, एक गोळीसुद्धा बाळगायला मनाई आहे. शिकारीच्या वैध परवान्याचा अपवाद आहे, पण तो वाचून स्वतःच वकील होऊ नका. रेंजवर भाड्याने घेऊन चालवणं हेही 'बाळगणं' ठरू शकतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा वर्षं उभं राहून एका शनिवारच्या हौसेपायी ती घालवायची का? इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नका.

ग्रीन कार्ड हातात आलं की मात्र नागरिकासारखंच. मी स्वतः ग्रीन कार्डावरच परवाना काढला होता.


एच१बी_आणि_मी | शनिवार, सकाळी ९:२६

बापरे. थँक्स काका. आज दुपारीच जाणार होतो.


मीनल_फ्रिस्को | शनिवार, सकाळी ११:४०

लेख प्रामाणिक आहे म्हणून लिहिते, नाहीतर असे धागे मी उघडत नाही.

६ मे २०२३ ला अ‍ॅलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठ माणसं मारली गेली. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. त्यात हैदराबादहून आलेली एक तरुण इंजिनिअर होती. त्या दुपारी माझा मुलगा मित्रांबरोबर त्याच मॉलला जाणार होता. एकाची आई उशीरा आली म्हणून राहिला. त्यानंतर आमच्या ग्रुपात तीन घरांनी पिस्तूल घेतलं. मी नाही घेतलं, आणि घेणारही नाही.

कारण सांगते. २०२१ मध्ये या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. अर्ध्याहून जास्त. तुम्ही सगळे दारातून येणाऱ्या माणसाबद्दल बोलता. मला घरातल्या माणसाची काळजी वाटते. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, अकरावीत आहे, आणि मागचं वर्ष त्याचं फार वाईट गेलं. (इथे यापेक्षा जास्त लिहिणार नाही.) तुमचा चार तासांचा वर्ग याचं उत्तर देतो का?


बायूकाठचा | शनिवार, दुपारी १२:३०

मीनलताई, नाही देत. तुमच्या जागी मी असतो तर मीही घरात आणलं नसतं. ज्या घरात कुणाचे दिवस वाईट चाललेत त्या घरातून असलेलं पिस्तूलही बाहेर काढावं, नातलगाकडे किंवा दुकानात ठेवायला द्यावं, हे माझं मत पंधरा वर्षं पिस्तूल बाळगून झालेलं आहे. तुमच्या आकड्यांशी माझा वाद नाही.

माझं म्हणणं तुमच्या ग्रुपातल्या त्या तीन घरांसाठी आहे. त्यांनी घेतलं, ठीक. कुलूप घेतलं का? टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा गुन्हा आहे. मुलाने ती चालवून कुणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तर तो आणखी वरच्या वर्गातला गुन्हा होतो. हे त्या तिघांना माहीत आहे का? वर्गात हे सांगतात. दुकानदार काउंटरवर सांगत बसत नाही. बोटाच्या ठशाने उघडणारी छोटी तिजोरी पलंगाला केबलने बांधता येते, पिस्तुलाच्या किमतीच्या पावपट खर्चात.


मीनल_फ्रिस्को | शनिवार, दुपारी १२:४४

तिघांपैकी एकाकडे तिजोरी आहे. किल्ली तिच्यावरच ठेवलेली असते.


कात्रजचा_बोका | शनिवार, दुपारी १२:४६

🙏


रानडुक्कर_पीडित | शनिवार, संध्याकाळी ६:१०

आमच्या सिंधुदुर्गात बंदूक म्हटलं की कमरेचं पिस्तूल नाही, ठासणीची. शेतीसंरक्षण परवान्यावर. माकडं आणि डुकरं काजू-नारळाची जी वाट लावतात ती बघितली तर घाटावरचे लोक आम्हाला तोफेचा परवाना देतील. तरी दर निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची आणि निकाल लागल्यावर परत आणायची. त्या दीड-दोन महिन्यांत डुकरांना आचारसंहिता नसते.

आजोबांची बंदूक माजघरात खुंटीला, दारू वेगळ्या डब्यात, छर्रे आजीच्या फडताळात आणि फडताळाची किल्ली आजीच्या कमरेला. म्हणजे बंदूक चालवायची तर आधी आजीला उठवायला लागायचं. आजो म्हणायचो, "बंदूक रिकामी असा म्हणान सांगता, तोच पयलो कोणाक तरी मारता." त्यांनी कुठला वर्ग केला नव्हता.

तुमच्या मित्राची गोष्ट वाचून आजोबा आठवले. बाकी अमेरिकेत परवाना लागत नाही हे वाचून आमचे परवानाधारक रडतील. नूतनीकरणासाठी चार चकरा मारून आलोय.


सई_ऑस्टिन | शनिवार, रात्री ९:३५

बायकांच्या बाजूने लिहिते, कारण या विषयावर सगळे पुरुषच बोलतात.

मी दोन वर्षांपूर्वी परवाना काढला. विद्यापीठात नोकरी करते, रात्री उशीरा पार्किंग गॅरेजमध्ये एकटी असते. परवानेवाल्यांना सरकारी विद्यापीठांच्या आवारात झाकून पिस्तूल नेता येतं तो कायदा १ ऑगस्ट २०१६ ला लागू झाला. त्याच तारखेला पन्नास वर्षांपूर्वी, १९६६ मध्ये, इथल्याच टॉवरवरून एकाने लोकांवर गोळ्या झाडल्या होत्या. तारीख कुणी मुद्दाम निवडली की योगायोग, यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात. मुद्दा असा की विना-परवाना बाळगण्याची सूट आवारात चालत नाही. त्यामुळे मला परवान्याची गरज खरीखुरी होती.

आमच्या वर्गात आठ बायका होत्या. शिक्षिका पोलिसातून निवृत्त झालेली. तिने पहिल्या तासाला सगळ्यांच्या पर्स टेबलावर ठेवायला लावल्या आणि म्हणाली, यात पिस्तूल ठेवणार असाल तर आत्ताच घरी जा. मग तिने आयडाहोचा प्रसंग सांगितला: ३० डिसेंबर २०१४, वॉलमार्ट, ट्रॉलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्सचा कप्पा उघडला. आई परवानाधारक होती. पुढचं लिहवत नाही.

तर पर्स नाही. अंगावर, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये. आता प्रश्न कपड्यांचा. लेगिंग आणि कुर्त्यावर पट्टा कुठे बांधणार? मी तीन होल्स्टर विकत घेऊन फेकले. शेवटी पोटाभोवती बांधायचा रुंद इलास्टिकचा पट्टा, त्यात कडक खोळ, वर सैल कुर्ता. कुर्ता खरं तर या कामाला टी-शर्टपेक्षा बरा. लांब असतो, वाकलं तरी वर सरकत नाही. साडीवर अजून जमलेलं नाही आणि जमवायचंही नाही. त्या दिवशी पिस्तूल तिजोरीत.

आणि वर्गातली सगळ्यात उपयोगी गोष्ट बंदुकीची नव्हतीच. शिक्षिकेने टूर्निके कसा बांधायचा ते शिकवलं. गोळी लागलेल्याचं रक्त थांबवायला. माझ्या गाडीत आता दोन आहेत. पिस्तूल उभ्या आयुष्यात एकदाही काढावं लागणार नाही अशी आशा आहे. टूर्निके मात्र मागच्या वर्षी हायवेवरच्या एका अपघातात वापरला.


मीनल_फ्रिस्को | शनिवार, रात्री १०:०५

सई, टूर्निकेचा वर्ग वेगळा मिळतो का? बंदुकीशिवाय?


सई_ऑस्टिन | शनिवार, रात्री १०:११

मिळतो. 'स्टॉप द ब्लीड' म्हणून शोधा. बरीच हॉस्पिटलं फुकट घेतात, दीड-दोन तासांत होतो. मुलालाही न्या.


तटस्थ_त्रयस्थ | रविवार, पहाटे २:२०

कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. फिलँडो कॅस्टील. ६ जुलै २०१६, मिनेसोटा. परवानाधारक. ट्रॅफिकला पोलिसाने थांबवलं, याने सभ्यपणे सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे. पोलिसाने गोळ्या झाडल्या. गाडीत मागे चार वर्षांची मुलगी बसलेली. पोलीस पुढच्या वर्षी निर्दोष सुटला.

परवाना असणं, प्रशिक्षण असणं, खरं बोलणं, सगळं होतं त्याच्याकडे. नव्हता तो फक्त गोरा. आपणही नाही. रात्री गावाबाहेरच्या रस्त्यावर शेरीफ थांबवेल तेव्हा आडनाव वाचून तो तुमचे १७५ गुण बघणार आहे का?


बायूकाठचा | रविवार, सकाळी ८:०५

@तटस्थ: या मुद्द्यावर मला झोप लागत नाही, आणि माझ्याकडे जोरदार उत्तरही नाही. टेक्सासात पोलिसाने ओळखपत्र मागितलं आणि पिस्तूल अंगावर असेल तर परवानेवाल्याने परवानाही दाखवायचा असा कायदा आहे. मला आजवर तीनदा थांबवलंय. मी काय करतो ते सांगतो: काच खाली, आतला दिवा लावलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि 'गन' हा शब्द तोंडातून काढत नाही. "ऑफिसर, माझ्याकडे परवाना आहे आणि आज ते माझ्या अंगावर आहे, मी काय करू?" एवढंच. दोनदा पुढचं बोलणं एकदम सैलावलं. तिसऱ्यांदा पिस्तूल काढून घेऊन त्याने गाडीच्या टपावर ठेवलं आणि जाताना परत दिलं. तिन्ही वेळा माझे पाय थरथरत होते.

कॅस्टीलला हे सगळं करूनही मारलं असतं का? कदाचित. म्हणून ज्याला हा धोका नको त्याने गाडीत ठेवू नये, असं मी वर्गालाही सांगतो. (हो, दोन वर्षांपासून शिक्षकाला मदतनीस म्हणून जातो.)


कोल्हापुरी_नेमबाज | रविवार, सकाळी ९:३०

आम्ही काय परवान्याच्या भानगडीतले नाही, मैदानातले. एनसीसीत .२२ रायफल, मग दहा मीटर एअर पिस्तूल, राज्य पातळीपर्यंत. आमच्या गावाने तेजस्विनी सावंत दिली, राही सरनोबत दिली, आणि कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमधून ब्राँझ आणलं. त्यामुळे नेमाबद्दल थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

नवशिक्याची गोळी खाली आणि डावीकडे जाते (उजवा हात असेल तर). लोक म्हणतात साईट (नळीवरची नेम धरायची खूण) बिघडली. साईट नाही, मनगट बिघडलंय. आवाज होणार म्हणून शरीर आधीच दचकतं. उपाय सोपा आहे. दुसऱ्याला मॅगझिन भरायला सांगा आणि मधेच एकदोन नकली गोळ्या घालायला लावा. कुठली नकली ते तुम्हाला माहीत नाही. चाप ओढल्यावर 'टक' झालं आणि तरी नळी खाली गेली, की चोर सापडला.

बाकी सराव घरी, रिकाम्या पिस्तुलाने. गोळ्या दुसऱ्या खोलीत. दोनदा बघून, बोट घालून चेंबर रिकामी आहे याची खात्री. रोज दहा मिनिटं चाप सरळ मागे ओढायचा, पुढची साईट हलता कामा नये. राज्य पातळीवरची पोरंही खऱ्या गोळीपेक्षा कोरडा सरावच जास्त करतात. गोळीला पैसे पडतात राव.

तुमची ती ३ यार्डांची परीक्षा वाचून हसू आलं. पण आमच्यासमोर पुठ्ठा असतो, तो उलट गोळी मारत नाही, हेही खरं.


बायूकाठचा | रविवार, सकाळी १०:००

वा! नकली गोळीचा प्रयोग आमच्या वर्गात पुढच्या शनिवारीच लावतो.

उलट गोळी मारणाऱ्याचं निघालंच आहे तर. २९ डिसेंबर २०१९, फोर्ट वर्थजवळचं व्हाइट सेटलमेंट, चर्चमध्ये प्रार्थना चालू. एकाने कोटाखालून शॉटगन काढून दोघांना मारलं. सुरक्षेसाठी उभ्या असलेल्या जॅक विल्सनने एका गोळीत त्याला पाडलं. सगळं मिळून सहा सेकंद. हा प्रसंग लोक 'बघा, चांगल्या माणसाकडे बंदूक होती' म्हणून सांगतात. मी वर्गात दोन गोष्टी वाढवतो. एक, विल्सन स्वतः नेमबाजी शिकवणारा माणूस होता. वर्षानुवर्षांचा हात होता तो. दोन, मेलेल्या दोघांपैकी एक जण त्याच सुरक्षा पथकातला होता, आणि तो पिस्तूल काढता काढता मारला गेला. काढायला लागणारा तो दीड सेकंद फक्त सरावाने कमी होतो.

आणि कोलोरॅडोत अर्वाडा गावी जून २०२१ मध्ये एका माणसाने हल्लेखोराला अचूक टिपलं, आणि नंतर आलेल्या पोलिसाने हल्लेखोर समजून त्यालाच मारलं. हेही सांगतो. काम झालं की पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि हात वर, हे पाठ असावं लागतं.


काळा_कोट | रविवार, दुपारी १:१५

वकील आहे, ठाण्यात, त्यामुळे टेक्सासच्या कायद्यावर अधिकाराने बोलत नाही. पण खासगी बचावाचा हक्क आपल्याकडेही आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ९६ ते १०६, आता न्याय संहितेत ३४ ते ४४. दोन्हीकडे गाभा एकच: धोका तत्काळ असावा आणि प्रतिकार त्या प्रमाणात. लोक 'माझं घर, माझी बंदूक' म्हणतात तेव्हा मला लुइझियानातला १९९२ चा हातोरीचा खटला आठवतो. सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी, हॅलोविनच्या पार्टीला निघालेला, घर चुकला. घरमालक "फ्रीज!" ओरडला. मुलगा पुढेच येत राहिला; बहुधा शब्द कळलाच नाही. फौजदारीत मालक सुटला, दिवाणीत हरला, आणि मुलगा गेला तो गेलाच.

तुमच्या वर्गात 'कधी झाडायची नाही' यावर किती वेळ जातो?


बायूकाठचा | रविवार, दुपारी २:००

सर, निम्म्याहून जास्त. गोळी झाडणं शेवटच्या तासाला. त्याआधी वाद मिटवणं, मागे सरणं, ९११ ला फोन करून काय बोलायचं. पिस्तूल अंगावर असलं की हायवेवर कुणी बोट दाखवलं तरी गिळायचं, पार्किंगवरून भांडायचं नाही, आणि दारू प्यायची असेल त्या दिवशी ते घरी ठेवायचं. पार्टीत बिअर घेणाऱ्या आपल्या मंडळींना हा शेवटचा नियम सगळ्यात कडू लागतो. खरं सांगू, परवाना निघाल्यापासून गाडी चालवताना माझ्या शिव्या बंद झाल्या. बायको म्हणते एवढ्यासाठी १४० डॉलर स्वस्त पडले.


एडिसनचा_अण्णा | रविवार, दुपारी ३:२५

टेक्सासवाल्यांनो, नातवंडांना भेटायला आमच्याकडे गाडीने येत असाल तर पिस्तूल तिकडेच ठेवा. तुमचा परवाना न्यू जर्सीत चालत नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक आई, पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेली, पूल ओलांडून इकडे आली, पोलिसाला आपणहून सांगितलं, आणि तिच्यावर तुरुंगात जायची वेळ आली. शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस्टींनी माफी दिली. दर वेळी गव्हर्नर भेटेल असं नाही.

इथे परवाना मिळणं पूर्वी अशक्य होतं. २०२२ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने न्यू यॉर्कची 'सबळ कारण दाखवा' ही अट उडवली, तेव्हापासून सामान्य माणसाला मिळतो. पण कागद, साक्षीदार, परीक्षा. मला तेच बरं वाटतं.


संपादक | रविवार, संध्याकाळी ५:००

भारतातल्या निवडणुका आणि कोणत्या पक्षाच्या नेत्याकडे किती परवाने, यावरचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. धागा टेक्सासचा आहे.


कात्रजचा_बोका | रविवार, संध्याकाळी ५:०३

त्यातले चार माझे होते. सहर्ष स्वीकार.


बायूकाठचा | रविवार, रात्री ८:४०

एक राहिलं, आणि ते भारतात जाणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. रेंजला जी बॅग नेता ती भारतात नेऊ नका. कप्प्याच्या शिवणीत एखादी गोळी अडकून राहते, इथल्या तपासणीत कधी निसटते, आणि परत येताना मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेत दिसते. पिस्तूल नसलं तरी सुट्या जिवंत गोळीवर आर्म्स अ‍ॅक्टचा गुन्हा दाखल होतो. 'मला माहीतच नव्हतं' हे कोर्टात बहुतेकदा मानलं जातं, गुन्हे रद्दही होतात. पण तोवर पासपोर्ट अडकतो, सुट्टी संपते, नोकरीवर टांगती तलवार. रेंजसाठी वेगळी, भडक रंगाची बॅग ठेवा. माझी नारिंगी आहे, मुद्दाम.

आणि ज्यांच्याकडे सत्यनारायण होता ते गृहस्थ हा धागा वाचतायत. पुढच्या शनिवारच्या वर्गात त्यांचं नाव आहे. वहिनींचंही. मुलीने बाबांना तिजोरी आणायला लावली, ती काल आली.


स्वेटरवाला | रविवार, रात्री ९:१०

तो मीच. जास्त बोलत नाही. गालिच्यावर पडलेली गोळी अजून डोळ्यांसमोर आहे.


पिअरलँडचा_पेशवा | रविवार, रात्री ११:५५

आजवर फक्त वाचत होतो, आज खाते उघडलं. येत्या गुरुवारी पुण्याला निघतोय, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. वरचा प्रतिसाद वाचून पाठीवरची लॅपटॉपची बॅग जमिनीवर उलटी केली. गेल्या थँक्सगिव्हिंगला मेव्हण्याबरोबर त्याच्या शेतावर एकदा नेली होती, एकदाच.

पेन, चार्जर, दोन पार्ले-जी, आणि पाण्याच्या बाटलीच्या जाळीत एक पितळी पुंगळी. रिकामी आहे. फोटो टाकणार होतो, बायको म्हणाली नको.


बायूकाठचा | सोमवार, सकाळी ६:३०

रिकामी असली तरी ती बॅग नेऊ नका. दुसरी घ्या. आईंना नमस्कार सांगा.